पायाखालचा पत्रा

हसुराम भोईर गाडीखाली सरकला
आणि त्याचे नुसते पाय बोलू लागले.
एक चप्पल निळी, एक तपकिरी.
"बाय, यो पत्रा नाय, पापर हाय."
मग स्क्रूड्रायव्हरचं टोक
माझ्या सीटपुढच्या मॅटमधून वर आलं,
क्षणभर थांबलं, परत गेलं,
दारातूनच चौकशी करून जाणाऱ्या पाहुण्यासारखं.

मी विचारलं, किती?
पाय गप्प राहिले.

अठ्ठ्याण्णवची झेन. एमएच झिरो फोर.
रंग, कागदोपत्री, चंदेरी.
मी तिसरी मालकीण.
प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतली,
कारणाच्या रकान्यात लिहिलं: छताची गळती.
नोकरीत खोटं लिहिलं ते तेवढंच.

खारेगावात राहायचं आणि गंजायचं नाही
हे पत्र्यानं कसं जमवावं?
गावाच्या नावातच खार.
खाडीवरचा वारा माझ्या खिडकीचे गज खातो,
शेगडीचे पाय खातो,
दारावरच्या पाटीचे स्क्रू खाऊन झाले,
आता आमचं आडनाव एका बाजूनं लोंबतं.

सोसायटीचे सेक्रेटरी गुप्ते. त्यांची नोटीस:
गंजलेली, विनावापर वाहने सात दिवसांत हलवावीत.
वाहने. आहे ती माझी एकटीच.
तिला आदरार्थी बहुवचन मिळालं
ते आयुष्यात तेवढ्या एकदा.

मृण्मयी फोनवर म्हणाली,
आई, भंगारात दे गं, आणि रिक्षानं हिंड मस्त.
शीळ रोडचा माणूस सव्वीस हजार देतो,
न्यायलाही स्वतः येतो.
मी म्हटलं, बघते.
'बघते' म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

तीस वर्षं कळव्याच्या हॉस्पिटलात
मी लोकांच्या रक्तातलं लोह मोजलं.
आठच्या खाली गेलं की डॉक्टर
लाल पेनानं गोल करायचे.
सात पॉइंट दोनवाल्या बायका
दोन बस बदलून, पोर कडेवर घेऊन यायच्या
आणि सुई टोचताना मलाच विचारायच्या,
जेवलात का, ताई?
लोह कमी म्हणून
कुणाला भंगारात काढल्याचं मला आठवत नाही.
पण बाईचं आणि गाडीचं एक धरू नये, हेही कळतं.
बाईला गोळ्या फुकट मिळायच्या.

रात्रपाळी संपली की घरी येऊन
मी लगेच वर जात नसे.
काचा बंद करून दहा मिनिटं
स्टिअरिंगवर हात ठेवून बसायची. इंजिन बंद.
वर चहा, डबे, सासूबाईंचं औषध, सगळ्यांची मी.
खाली, कुलपाच्या आत, कुणाचीच नाही.
ही दहा मिनिटं
हसुरामच्या हिशेबात कुठल्या ओळीत येतात?

तो बाहेर आला, कपाळाला तांबूस भुकटी.
एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यानं लिहिलं:
फ्लोअर, दोन्ही सिल, चाकाच्या कमानी, वेल्डिंग, रंग.
खाली रेघ. रेघेखाली एक्केचाळीस हजार.
"इंजिन मातर घोरा हाय," म्हणाला,
जणू त्याबद्दलच माफी मागत होता.

मी कॅलेंडर उलटं करून बघितलं.
पुढे कुठल्याशा पतपेढीचा गणपती, मे महिना.

म्हटलं, हसुराम, फक्त माझ्या पायाखालचं कर.
"आनी बाकीचा?"
बाकीच्या जागी कुणी बसत नाही.
"अर्दी गारी पास नाय होत, बाय."
कागद मार्चपर्यंत आहेत.
तो हसला नाही. पेन कानावर खोचून म्हणाला,
"सोमवारी आन."

येताना विटाव्याच्या पुलाखाली
सगळं थांबलं होतं, टेम्पो, डंपर, मी.
मॅट बाजूला सारली.
स्क्रूड्रायव्हरच्या भोकातून रस्त्याचा तुकडा दिसला,
चवलीएवढा, त्यावर कुणाचं तरी ऑइल.
मग सुटलं. पहिला पडला, दुसरा पडला.
टाचेला गार वारा लागत होता.
तिसरा, चौथा.
पाचवा मी खारेगावपर्यंत कधी टाकलाच नाही.